जात्याची खालची तळी

१ जानेवारी १९९५, रविवार

कंपनीने यंदा मिठाईच्या पुड्याऐवजी ही डायरी दिली. सगुणा म्हणाली, "मिठाई निदान खाल्ली तरी असती." पहिल्या पानावर नाव, रक्तगट, उंची, वजन अशा रेघा आखलेल्या आहेत. नाव लिहिलं, पोपट काळुराम. उंची पाच फूट सात इंच. वजन माहीत नव्हतं. दुपारी पेणला गेलो तेव्हा एस.टी. स्टँडवरच्या काट्यावर नाणं टाकून उभा राहिलो. चाकं फिरली, दिवे लागले आणि तिकीट पडलं. एकोणपन्नास किलो. मागे भविष्य छापलं होतं, 'आपल्या खांद्यावर लवकरच शुभ जबाबदारी येईल.'

वजनाची रेघ मोकळीच ठेवली.

भविष्य मात्र खरं निघायचं. मैनाचं लग्न सात मेला ठरलं आहे. मैना माझी चुलत बहीण. काका चार वर्षांपूर्वी गेले. तिला सख्खा भाऊ नाही, मामा नाही. आमच्या घराण्यात हळदीच्या दिवशी मामाने नाहीतर भावाने नवरीला उचलून मांडवात पाच फेरे नाचवायचं असतं. म्हणजे तो मान माझा. आणि मैना मिठागरावर मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून पळते, ती माझ्या दीडपट तरी आहे. साखरपुड्याला एक म्हातारी सगळ्यांदेखत बोलली, "नवरीला उचलनार कोन? ह्यो पोपट?" मैना म्हणाली, "मीच दादाला उचलीन." सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसणं अजून घशाखाली उतरलेलं नाही.

५ जानेवारी, गुरुवार

केरूशी बोललो. केरू आमच्याच प्लांटला आहे, खांब गावचा. त्याच्या दंडापायी युनिफॉर्मच्या बाह्या उसवून घेतलेल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "चार महिन्यांत तुझा दंड दोन इंच वाढवून दाखवतो. पन नेम पाहिजे. एक दिवस चुकला का संपला." रोज सहा अंडी, मूठभर भिजवलेले चणे आणि वजनं मारायची.

परवा पेणच्या व्यायामशाळेत डोकावून आलो. आत पंधरा-सोळा वर्षांची पोरं आरशासमोर उभी होती. मी सदरा काढला नाही. पाणी पिऊन परत आलो. माझं वय एकतीस. ते आपल्याच्यानं व्हायचं नाही. जे करायचं ते घरी, पडवीत, कुणी बघत नसताना.

८ जानेवारी, रविवार

पडवी रिकामी केली. सुपं, फावडी, फाटकी जाळी, सगुणाच्या गोवऱ्या सगळं मागच्या दारी नेलं. सगुणा कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "आनि पावसात गोवऱ्या कुठं ठेवू? तुमच्या दंडावर?"

वाशाला आडवा बांबू बांधला, लटकायला. डालड्याच्या दोन डब्यांत सिमेंट ओतून मधे गजाचा तुकडा खोचला, ही डंबेल्स. पेणच्या भंगारवाल्याकडून पाण्याच्या नळाचा पाच फुटी पाइप आणला. आता पाइपाच्या दोन टोकांना अडकवायला वजनं पाहिजेत. लोखंडी चकत्यांची किंमत ऐकून गप्प बसलो.

१५ जानेवारी, रविवार

कल्पना सुचली आहे. चांगली आहे, पण मनात आल्यापासून अंगावर काटा येतोय.

जात्याच्या तळ्या. दगड गोल, मधोमध भोक. पाइप आरपार जातो, बघितलं मी.

अडचण अशी की आमच्याकडे फक्त वरची तळी आहे. आमचं घर मुळात एकच, आजोबांनी मधे भिंत घालून दोन केलं. अलीकडे माझे वडील, पलीकडे काका. वाटणीत भांडी वाटली, माळा वाटला, आणि जातं आलं तेव्हा आजोबांनी वरची तळी आम्हाला दिली, खालची काकांना. लोक हसले होते म्हणे. आजोबा म्हणाले, रोजचं दळण गिरणीत होईल, पण लग्नाची हळद जात्यावरच दळावी लागते ना? मग ज्याच्या घरी लग्न असेल त्याला दुसऱ्याच्या दारात यावंच लागेल. आणि तसंच होत आलं. मधे दोन वर्षं वडील आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते, तरी माझ्या लग्नात काका खालची तळी खांद्यावर घेऊन आले होते.

खालची तळी काकीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असते, गोणपाट टाकलेली.

काकीला विचारलं तर ती नाही म्हणेल. लग्नाची हळद जिच्यावर दळतात तिला लाथाबुक्क्यांत कोण देईल? म्हणून विचारायचं नाही. एप्रिलमध्ये ती जागच्या जागी ठेवायची. कुणाचं काही बिघडत नाही.

२२ जानेवारी, रविवार

काकी आणि मैना मिठागरावर गेल्या होत्या. तळी आणली. मधला खिळा आणि लाकडाची पाचर ठोकून काढली, जपून ठेवली. त्याजागी गोणपाटाखाली बांधावरचा एक चपटा दगड उभा करून आलो. लांबून कळत नाही.

दोन्ही तळ्या पाइपात ओवल्या, बाहेरून सुंभाने घट्ट बांधल्या. उचललं आणि छातीपर्यंत आणलं. तीन वेळा. मग ओट्यावर बसून धापा टाकल्या. पण खोटं कशाला लिहू, इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, सोमवार

पहिली पाळी. काकी भिंतीवर तीनदा ठोकते, साडेचारला. माझी गाडी साडेपाचला जिते स्टेशनावरून सुटते, रोह्याला सातच्या आत हजेरी. घरात गजराचं घड्याळ नाही. काका होते तेव्हा ते ठोकायचे, ते गेल्यापासून काकी ठोकते. मी उलट एकदा ठोकतो, म्हणजे उठलो. मी ठोकेपर्यंत ती थांबत नाही. चार वर्षांत एकदाही चुकलेली नाही, तापातसुद्धा.

आता मी उठून वजनं मारतो आणि मग गाडी पकडतो. आज काकीने भिंतीपलीकडून विचारलं, "काय धुसफुसतोस रं पोपट?" म्हटलं, व्यायाम. थोड्या वेळाने दारात येऊन चार अंडी ठेवून गेली. म्हणाली, "माझ्या कोंबडीची हायेत. बाजारची पांचट असतात. मैनाला उचलाचा हाय ना तुला?"

अंडी खाल्ली.

१९ फेब्रुवारी, रविवार

वजन बावन्न. दंड पाऊण इंच वाढला. केरूने कंपनीत सगळ्यांदेखत सुतळीने मोजला. मी दिवसभर बाह्या दुमडून फिरलो. सगुणाने कपडे धुताना विचारलं, "सदऱ्याला दगडाची माती कशी लागते हो रोज?" सांगितलं, प्लांटमध्ये धूळ असते.

२६ फेब्रुवारी, रविवार

काय करून बसलो मी.

सकाळी डोक्याच्या वर उचलायचा हट्ट केला. केरू म्हणाला होता, आता वर न्यायला हरकत नाही. हात वर गेले, आणि डाव्या बाजूचा सुंभ सैल झाला. तळी घसरली आणि पायरीच्या दगडावर पडली. दुसरी रिकाम्या पोत्यांवर पडली, तिला काही झालं नाही. जी पायरीवर पडली ती खालची. काकीची. मधोमध दोन तुकडे, आणि कडेचा एक टवका उडाला.

पलीकडून काकीचा आवाज आला, "काय पडला रं?"

मी म्हटलं, "काय नाय काकी. सिमेंटचा डबा."

"पायावर नाय ना?"

"नाय."

"बरा."

दोन्ही तुकडे गोणपाटात गुंडाळून ठेवले. टवका शोधला, मिळाला नाही. सगुणाने तोवर पडवी झाडून घेतली होती.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीच्या दुरुस्ती खात्यातून चिकटवायचं रसायन आणलं, दोन नळ्यांचं, एकत्र कालवायचं. वाळल्यावर दगडाच्याच रंगाचं दिसतं. तुकडे जोडून रात्रभर तारेने आवळून ठेवले. वरून राख चोळली. टवक्याची जागा बोडकी राहिली, ती बाजू भिंतीकडे करून आज दुपारी तळी परत गोणपाटाखाली ठेवून आलो. पाचर आणि खिळाही ठोकला.

बघून कळत नाही. काकीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, तिला तर नाहीच.

ही शेवटची ओळ लिहिली आणि स्वतःचीच किळस आली. खोडत नाही, राहू दे.

१७ मार्च, शुक्रवार

धुळवड झाली. व्यायाम डंबेल्सवर चालू आहे. वरची तळी पुसून माळ्यावर ठेवली. काकी रोज ठोकते. मी रोज उलट ठोकतो. अंडी येतात. दोनदा सांगितलं, नको काकी, विकायला ठेव. ऐकत नाही.

९ एप्रिल, रविवार

दुपारी काकी आली. पदर ओला होता. सगुणाला काही न बोलता मला खूण करून तिच्या मागच्या दारी घेऊन गेली. न्हाणीच्या दगडावर तळी पडली होती, दोन तुकडे.

"लगीन महिन्यावर आलं, म्हनून धुवाया काढली," काकी म्हणाली. "कडत पानी वतलं, हात फिरवला, आनि माझ्या हातातच दोन जाली. माझ्या हातात, पोपट."

मी तुकड्यांकडे बघत राहिलो. गरम पाण्याने चिकटवलेलं सुटलं होतं.

"रांडमुंड बाईनं लगनाच्या जात्याला हात लावाचा नसतो," ती म्हणाली. "मना ठाव होतं. पन मैना नवरी, तिला कशी सांगू? म्हटलं नुसती धुवून ठेवते, कोन बघतंय. देवानं बघितला."

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं हे नक्की. तेवढ्यात तिने माझा हात धरला. "कुनाला बोलू नको रं. सोयऱ्यांच्या कानावर गेला तर नवरीच्या घरचं जातं फुटलं म्हनतील. तुझ्याबिगर मना कोन हाय?"

मी म्हटलं, "नाय बोलत."

माझंच पाप मलाच लपवायला दिलं, आणि मी ते घेतलं.

११ एप्रिल, मंगळवार

ठरवलं, आज सांगायचं. पहाटे ठोकल्यावर उलट ठोकलं, आणि दारात जाऊन उभा राहिलो. काकी तुळशीपुढे बसली होती. पुटपुटत होती, "जे काय असंल ते माझ्यावर टाक, पोरीवर नको." मी मागच्या मागे फिरलो. गाडी गाठायची होती, असं स्वतःला सांगितलं. गाडीला अजून पाऊण तास होता.

१६ एप्रिल, रविवार

पेणला रस्त्याकडेला पाथरवट बसतात, तिथून नवं जातं आणलं. दोन्ही तळ्या. उचलून घरी आणताना दम लागला नाही. पूर्वी लागला असता. केरूच्या सुतळीप्रमाणे दंड दीड इंच वाढला आहे.

काकीने नव्या जात्यावर हात फिरवला नाही. लांबूनच बघितलं. म्हणाली, "चांगलं हाय. पन आता तुमच्या घरची तळी लागनार नाय. आज्यानं बांधून ठेवलेली गाठ माझ्या हातानं सुटली." मी सांगितलं, गाठबीठ काही नसतं, दगड आहे तो. ती म्हणाली, "व्हय, दगडच हाय," आणि आत गेली.

२० एप्रिल, गुरुवार

सगुणा हल्ली दोनच अंडी देते. विचारलं तर म्हणते, "पुरे झाली. वजन वाढलंय तुमचं, दिसतंय मना." एवढं कौतुक तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, पण चेहरा कौतुकाचा नव्हता. रात्रीच्या जेवणाला मुद्दाम काकीचा विषय काढते. काकी किती वाळली, काकी एकदाच जेवते, काकीने मैनाच्या साड्या बघायलासुद्धा नकार दिला. सांगून झालं की माझ्याकडे बघत थांबते. मी भात कालवत राहतो. बायकांना लग्नाच्या दिवसांत असंच होतं.

२८ एप्रिल, शुक्रवार

काकी हळदीला थांबणार नाही.

आज तिने सांगितलं. रोह्याला तिची बहीण असते, नदीकडच्या आळीत. गुरुवारी तिच्याकडे जाणार, लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या की येणार. हळदीच्या, दळणाच्या वेळी आपली सावलीही नको. "सगळ्यांना सांग बहीन आजारी पडली म्हनून. तुझं आयकतील."

म्हटलं, "काकी, मैनाला काय वाटंल?"

"मैनाला पुढं चाळीस वरसं संसार कराचाय. माझ्याबिगर एक दिस काढंल."

आता या घरात चार खोटी आहेत. पहिलं मी काकीला सांगितलेलं, डबा पडला. दुसरं काकीने स्वतःला सांगितलेलं. तिसरं मी मैनाला सांगणार आहे. चौथं असं की मी व्यायाम मैनासाठी केला. मैनासाठी नाही केला. त्या हसणाऱ्या म्हातारीसाठी केला.

४ मे, गुरुवार

काकी दुपारच्या गाडीने गेली. मैना ओट्यावर बसून होती. मावशीला काय झालं विचारत होती. मी सांगितलं, पोटात दुखतंय. मैना म्हणाली, "मावशीचं पोट माझ्या हळदीपेक्षा मोठं झालं का रं दादा?" आणि आत जाऊन दार लावलं.

मैना कधी रडत नाही. काका गेले तेव्हाही पाटी टाकायला तिसऱ्या दिवशी हजर होती. दाराबाहेर उभं राहून मी ऐकलं.

५ मे, शुक्रवार

आज पहाटे भिंत वाजली नाही.

वाजणार नव्हतीच, काकी रोह्याला. तरी मी साडेचारला जागा होतो आणि भिंतीकडे बघत पडलो होतो. पाच झाले. सगुणा कूस न वळवता म्हणाली, "आज कोनी उठवाया नाय. उठायचं तर सोताच उठा."

उठलो.

तीनला पाळी सुटल्यावर तसाच आळी शोधत गेलो. काकी ओसरीवर तांदूळ निवडत होती, सूप डोळ्यांजवळ धरून. मला बघून घाबरली. "मैनाला काय जाला?"

मी म्हटलं, "काकी, तळी मी फोडली."

तिला कळलंच नाही. पुन्हा सांगितलं. सगळं सांगितलं. जानेवारीत चोरली, पाइपात ओवली, पायरीवर पडली, चिकटवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली. तुझ्या हातात फुटली नाही, नुसती सुटली. बोलताना मी सुपाकडे बघत होतो. तांदळात एक खडा होता. तो मी उचलून बाहेर टाकला, का ते माहीत नाही.

तिने आणखी चार दाणे निवडले. मग विचारलं, "फेब्रुवारीपासून?"

"व्हय."

"म्हंजे रोज तुला उठवत होते, तवा तुला ठाव होतं."

"व्हय."

"माझी अंडी खात होतास."

"व्हय काकी."

"महिनाभर मी पोरीच्या तोंडाकडं बघितलं नाय रं. माझी नजर लागंल म्हनून." ती रडली नाही. सूप खाली ठेवलं, उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. हात हलका होता, लागला नाही. लागायला पाहिजे होता. मग विचारलं, "वरची धड हाय?"

"हाय."

"मंग चल."

गाडीत ती खिडकीशी बसली, मी समोर. कासू गेलं, पेण गेलं. जित्याला उतरताना मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

६ मे, शनिवार

हळद झाली. आता बोटं वळत नाहीत, तरी लिहितो.

सकाळी मांडवात बायका जमल्या. कृष्णाबाई आली. ती आमच्याकडची धवलारीण. लग्नात भट नंतर, आधी तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी. पंचाहत्तरीची आहे, अजून आवाज खाडीपलीकडे जातो. नवं जातं मांडलेलं बघून तिने विचारलं, "ह्यो कुनाचा? तुमच्या दोन घरांचा कुठं गेला?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मी समजलो.

मांडवात तीस-चाळीस बायका, आणि मधे मी. सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं. जातं मी चोरलं, मी फोडलं, काकीवर ढकललं. साखरपुड्यातली म्हातारीही समोरच होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कृष्णाबाई म्हणाली, "तुकडे आना."

मी दोन्ही तुकडे आणले. माळ्यावरची वरची तळी आणली. कृष्णाबाईने तुकडे जोडून बघितले. म्हणाली, "दोन बाजूंनी घट दाबून धरले तर दळंल. दोघं बसा. सोडाचं नाय. जेनं फोडलं तो एका बाजूला बसंल."

कोणीतरी म्हणालं, पुरुष कसा बसेल हळदीच्या जात्याला?

"फोडाया बसला तवा पुरुषच होता ना?" कृष्णाबाई म्हणाली. "आनि दुसरीकडं चंद्रावती. तिच्या घरची तळी हाय, तिचाच हात."

काकी मागे सरली. "मी नाय गो. माझा हात नको."

"माझा चालतो काय?" कृष्णाबाईने विचारलं. "माझं कुंकू पुसल्याला चाळीस वरसं जाली. ह्या गावातल्या समद्यांची लगनं मी लावली. कुनाचा संसार मोडला माझ्या आवाजानं? बस खाली."

काकी बसली. समोर मी. तुकडे जोडले तरी कडेला टवक्याची खाच होती, तिथून हळद सांडणार असं दिसत होतं. तेवढ्यात सगुणा आतून चहाचा एक जुना डबा घेऊन आली. डब्यात तो टवका. तिने तो खाचेत बसवला, अगदी बरोबर बसला. हिला कुठे सापडला कोण जाणे. विचारायला फुरसत नव्हती.

पाच सवाष्णींनी खुंटा धरला. कृष्णाबाईने गायला सुरुवात केली. दगड फिरला तसे तुकडे बाहेर ढकलू लागले. मी दोन्ही तळव्यांनी दाबून धरले, पाय मांडवाच्या खांबाला रेटून. पलीकडून काकी दाबत होती. तिची नखं पांढरी पडली होती. हळद उडून तिच्या हातांवर बसत होती आणि ती झटकायला हात सोडता येत नव्हता. मैना पाटावरून आईच्या हातांकडे बघत होती. एका दळणाला एक धवला पुरतो, आज कृष्णाबाईने तीन गायले, मुद्दाम. माझे दंड लटलटायला लागले. काकी कालपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "सोडलास तर बघ."

सोडलं नाही.

नंतर फेऱ्यांची वेळ आली. मी मैनाच्या कंबरेला हात घातला, आणि हातच नव्हते. गुडघ्याएवढीही उचलली गेली नाही. चार महिने, सहा अंडी, दीड इंच. मैनाने क्षणभर वाट बघितली, मग मलाच कंबरेला धरून उचललं आणि पिवळ्या हातांनी पाच फेरे नाचवलं. तेव्हा सगळे हसले. आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही.

७ मे, रविवार

लग्न लागलं. काकी पुढे उभी होती. मैना सासरी गेली.

१५ मे, सोमवार

पहिली पाळी. पहाटे भिंत गप्प. मी आपला आपण उठलो. गेल्या आठवड्यातही रोज असंच. केरूने कुठूनसं गजराचं घड्याळ आणून दिलं, ते चालतं, पण त्याला उलट ठोकता येत नाही.

काकी बोलते. सगुणाशी पूर्वीसारखी, माझ्याशी विचारलं तेवढं. अंडी बंद. बरोबरच आहे. पलीकडे आता ती एकटीच असते, आणि साडेचारला भिंतीचा नव्हे, तिच्या हंड्याचा आवाज येतो. म्हणजे ती जागी असते. जागी असून ठोकत नाही.

पडवीतला बांबू सोडला. सगुणाच्या गोवऱ्या परत आणल्या. डंबेल्स दाराला अडण म्हणून लावली.

टवक्याचं सगुणाला विचारलं. म्हणाली, "झाडताना मिळाला होता." कधी, विचारलं. "झाडले तेव्हा," म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

तिला तेव्हा सांगायला काय झालं होतं? एवढ्या वेळा विचारायची संधी होती तिला.

२८ मे, रविवार

पाऊस तोंडावर आलाय म्हणून तळीचे तुकडे ओट्यावर किती दिवस ठेवायचे, हे विचारायला काल काकीकडे गेलो होतो. तिने एक तुकडा स्वतःच्या भिंतीला टेकवला आणि दुसरा माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं ठेव. वरची हाय तुझ्याकडं, आता खालची पन अर्धी." मी म्हटलं, काकी, तिसऱ्यांदा माफी मागतो. ती म्हणाली, "दोनदा ऐकली मी. बहिरी नाय."

आज रविवार. सुट्टी. काकीला माझ्या पाळ्या पाठ आहेत, सुट्टीच्या दिवशी तिने कधीच ठोकलं नाही.

साडेचारला भिंत वाजली. तीनदा.

मला वाटलं भास. पडून राहिलो. पुन्हा तीनदा. सगुणा जागीच होती, अंधारात म्हणाली, "ऐकू येत नाय का?"

पलीकडून आवाज आला, "उठलास का रं? तांदळाची पोती माळ्यावर चढवाची हायेत. मैना नाय आता."

मी अंथरुणात उठून बसलो. हात भिंतीला लावला. मग ठोकलं, एकदा.